मागचा डावा दिवा

थोरली वायरिंग शिकली ती नवऱ्याच्या डोळ्यांपायी. थोरल्याला लाल आणि हिरवा यातला फरक जन्मापासून कळत नव्हता. इंजिन म्हणाल तर डोळे मिटून उतरवेल, डोळे मिटून चढवेल. पण वायरींचा गुंता समोर आला की बायकोला हाक. "अगं, जरा बाहेर ये. ही कुठली, सांग." लग्नाला तेव्हा चार महिने झाले होते. ती ओले हात पुसत यायची, "ही लाल, ही हिरवी, ही पिवळी, तिच्यावर काळी रेघ," असं सांगायची आणि आत जायची. हळूहळू तिचं आत जाणं कमी झालं. वर्षभरात ती म्हणायला लागली, "अहो, तुम्ही भलत्याच वायरीला हात लावताय." आणि पाच वर्षांनी हमरस्त्याकडेच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये अशी वाटणी झाली की जे फिरतं आणि तेल पितं ते थोरल्याचं, आणि जे पेटतं, वाजतं, लुकलुकतं ते थोरलीचं.

ड्रायव्हर लोक तिला वहिनी म्हणायचे. "वहिनींचा हात लागला की मेलेला दिवा उठून बसतो," असं एक टँकरवाला नेहमी म्हणायचा. "पुरे झालं कौतुक, चावी फिरवा," म्हणून ती त्याला दटावायची. पण ते वाक्य मग दिवसभर जिभेखाली खडीसाखरेसारखं धरून ठेवायची. कारण घरात तसं कोणी म्हणत नसे. नवरा अबोल. आणि सासरे, ज्यांनी आधी तीस वर्षं ट्रक चालवला आणि मग ही शेड उभी केली, ते दारातल्या खुर्चीत बसून एवढंच विचारायचे, "झालं का, सूनबाई?" झालं म्हटलं की मान पुन्हा रस्त्याकडे. एकवीस वर्षांत त्यांनी तिच्या कामाला कधी वाईट म्हटलं नाही, आणि चांगलंही म्हटलं नाही.

मग धाकट्या दिराचं लग्न झालं आणि धाकटी घरात आली.

सत्तावीस वर्षांची, सडपातळ, बोलायला गोड. तंत्रशाळेत दोन वर्षं शिकलेली आणि बसच्या डेपोत तीन वर्षं काम केलेली. माहेराहून कपड्यांच्या बॅगेबरोबर तिने आणखी एक छोटी पेटी आणली होती. तिच्यात आकडे दाखवणारं मीटर, पांढऱ्या चिकटपट्टीची गुंडाळी आणि एक वही. थोरलीकडे मीटर नव्हतं. तिच्याकडे टेस्ट लॅम्प होता. एक बल्ब, दोन वायरी आणि एक टोकदार सळई. बल्ब पेटला तर करंट आहे, नाही पेटला तर नाही. यापलीकडे विजेचं काही जाणून घ्यावं लागतं असं तिला कधी वाटलं नव्हतं.

दुसऱ्याच आठवड्यात बर्फवाल्याची गाडी आली. रोज सकाळी बॅटरी बसलेली. थोरलीने ती गाडी तीनदा पाहिली होती, बॅटरी बदलून झाली, डायनामो उघडून झाला. धाकटीने मीटर लावलं, एकेक फ्यूज काढत गेली आणि वीस मिनिटांनी डॅशबोर्डच्या कप्प्यातला, झाकण लावल्यावरही जळत राहणारा इवलासा दिवा शोधून काढला. दारातल्या खुर्चीतून सासरे उठले, काठी टेकत गाडीपाशी आले, वाकून तो दिवा पाहिला आणि म्हणाले, "पोरीच्या हातात विद्या आहे."

थोरलीच्या पोटात कोणीतरी तापलेली सळई फिरवावी तसं झालं. विद्या म्हणाले, त्याचं एक वेळ तिने सोडून दिलं असतं. पण 'पोर' म्हणाले! तिला एकवीस वर्षं सूनबाई, आणि ही कालची आलेली, तर पोर?

त्या दिवसापासून तिचं लक्ष कामातून उडालं आणि धाकटीवर जाऊन बसलं. कुठल्या ड्रायव्हरने कोणाला हाक मारली, सासरे कोणाच्या गाडीपाशी किती वेळ उभे राहिले, याचा हिशेब ती मनात ठेवू लागली. धाकटीच्या चहात साखर जास्त, धाकटीने झाडलेली शेड अर्धवट, धाकटीचं हसणं मोठ्याने. एकदा तर तिने वायरींची टोकं दाबायची पक्कड जुन्या टायरमागे सरकवून ठेवली आणि धाकटी अर्धा तास शोधत राहिली ते पाहत उभी राहिली. मग स्वतःच "ही काय, इथे आहे" म्हणून काढून दिली. "ताई, तुम्ही होतात म्हणून," असं म्हणून धाकटी हसली. तिथेच थोरलीची पंचाईत व्हायची. ही बाई जरा तरी वाईट असती, उलट बोलली असती, तर मनातल्या मनात भांडायला तरी काही सापडलं असतं.

अशात एक दिवस सासऱ्यांची म्हातारी दुरुस्तीला निघाली.

म्हातारी म्हणजे त्यांचा तो जुना ट्रक. लाकडी बॉडीचा, फुगीर नाकाचा, चाळीस वर्षांचा. सासरे आता चालवत नसत; धाकटा तिच्यावरून फरशा, प्लायवूड, असलं सामान पोचवायचा. तिला पंधरा दिवसांवर तपासणी आली होती आणि डाव्या बाजूचे इंडिकेटर वेड लागल्यासारखे वागत होते. हेडलाइट लावला की पुढचा डावा मिणमिणायचा आणि थांबायचा. मागचा डावा कधी लागायचा, कधी नाही. कधी दोन्ही बाजू बंद पडायच्या आणि डॅशबोर्डवर बुक्की मारली की परत चालू.

थोरली त्या वेळी एका शाळेच्या बसखाली आडवी होती. तिने ऐकलं, सासरे म्हणत होते, "म्हातारीचं काम पोरीला करू दे."

बसखालून फक्त तिचे पाय दिसत होते, म्हणून तिचं तोंड कोणाला दिसलं नाही. म्हातारीला आजवर तिच्याखेरीज कोणाचा हात लागला नव्हता. त्या ट्रकच्या वायरी तिला स्वतःच्या केसांसारख्या माहीत होत्या. कुठे गुंता आहे, कुठे तुटलंय, सगळं. ती बसखालून बाहेर आली, हात पुसले आणि म्हणाली, "करू दे की. मलाही दुसरी कामं आहेत."

धाकटीने काम मनापासून धरलं. आधी वहीत ट्रकचा नकाशा काढला. पुढच्या डाव्या दिव्याची अर्थिंग, म्हणजे करंट परत जायची वाट, गंजून बंद झाली होती, म्हणून तो बिचारा हेडलाइटच्या वाटेने परत जायला बघत होता. तिने बोल्ट काढून पत्रा चकचकीत खरवडला आणि तो दिवा ठणठणीत झाला. डॅशबोर्डवरची बुक्कीसुद्धा तिने सोडवली. चारही दिवे एकदम लावायचं जे बटण असतं, इंडिकेटरचा करंट त्याच्यातून जातो आणि ते आतून काळं पडलं होतं. ते उघडून तिने घासलं. इंडिकेटरला लुकलुकवणारा जुना फ्लॅशर काढून नवा बसवला, एका लयीत टिकटिक करणारा. सासरे खुर्ची उचलून ट्रकशेजारीच येऊन बसले. "अस्सं!" म्हणायचे. "बघ बघ, कसं धरलंन बरोबर!"

थोरली दुरून हे ऐकायची आणि हातातला स्क्रू गरज नसताना आणखी एक आटा पिळायची.

पण मागचा डावा दिवा काही धाकटीला वश होईना. तिने बल्ब बदलला, होल्डर बदलला. दिवा लागला, पण मंद. दुसऱ्या दिवशी दुपारी ती मीटर घेऊन पुढून मागे, मागून पुढे चकरा मारत होती आणि स्वतःशीच पुटपुटत होती, "पुढे चोवीस, मागे एकोणीस. पुढे चोवीस, मागे एकोणीस. मधले पाच व्होल्ट खातंय कोण?"

थोरलीला ठाऊक होतं कोण खातंय.

नऊ वर्षांपूर्वी मागच्या डाव्या दिव्याची वायर चॅसिसच्या आत कुठेतरी तुटली होती. ट्रक भरलेला, धाकटा निघायच्या घाईत. चॅसिसमधून नवीन वायर ओढायला अर्धा दिवस गेला असता. मग थोरलीने जुनी हिरवी वायर तिथेच मेलेली सोडली आणि हाताला लागली ती लाल वायर बॉडीच्या फळ्यांखालून, आडव्या पट्टीवरून मागे नेऊन दोन्हीकडे हिरवीच्याच उरलेल्या टोकांना जोडली. दोन फळ्यांच्या सांध्यात एक जोड दिला, त्यावर टेप गुंडाळला. परत आल्यावर पक्कं करू, म्हणाली. ट्रक परत आला, पुन्हा गेला, आणि नऊ वर्षं गेली. नकाशात ती वायर असणं शक्यच नव्हतं. पुढे हिरवी आत जाते, मागे हिरवी बाहेर येते, असंच कोणालाही वाटलं असतं.

ते सांगायला तिला एक वाक्य पुरलं असतं. ती पाण्याचा तांब्या घेऊन शेडच्या खांबाला टेकून उभी राहिली आणि धाकटीच्या कपाळावरचा घाम पाहत राहिली. कितीतरी महिन्यांनी तिला आत गार वाटलं.

संध्याकाळच्या चहाला धाकटी तिच्यापाशी येऊन बसली. "ताई, एक विचारू? या गाडीत मागे कुठे जोड दिलाय का तुम्ही कधी? मला वाटतंय मधे कुठेतरी जोड आहे आणि तो खराब झालाय."

थोरलीने कपात पाहिलं. "मला काय आठवतंय गं? किती गाड्या केल्या, किती जोड दिले."

"म्हातारीचं तरी आठवत असेल."

"नाही बाई," थोरली म्हणाली.

धाकटीने मान डोलावली. तिसऱ्या दिवशी तिने दोन्हीकडची टोकं घासली, नवीन क्लिपा दाबल्या. मीटर एकवीसवर आलं. दिवा बऱ्यापैकी लुकलुकायला लागला. धाकट्याला दुसऱ्या दिवशी फरशा भरायच्या होत्या. तो म्हणाला, "लागतोय ना दिवा? मग संपलं."

"अजून तीन व्होल्ट कमी आहेत," धाकटी म्हणाली. "मला एक दिवस द्या. फळ्या काढून बघते."

सगळ्यांनी थोरलीकडे पाहिलं. अशा वेळी शेवटचा शब्द तिचा असायचा; ती सवय अजून मोडली नव्हती. फळ्या काढल्या की काय दिसणार, हे तिच्या डोळ्यांसमोर आलं. तिच्याच हातचा, नऊ वर्षं कुजलेला तो जोड. आणि त्यावर वाकून बघणारे सासरे.

"अगं, जुन्या गाडीत एवढं चालतं," ती म्हणाली. "पुस्तकातलं सगळंच रस्त्यावर लागत नाही."

धाकटी लाजली आणि मीटर पेटीत ठेवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं चालली असताना फोन वाजला. थोरल्याने घेतला, उभ्याउभ्या ऐकला आणि म्हणाला, "धाकट्याच्या गाडीला एक बाई धडकली. जिवंत आहे. मी जातोय."

झालं ते असं. फरशांनी भरलेली म्हातारी एका गोदामाच्या गल्लीत डावीकडे वळत होती. धाकट्याने इंडिकेटर दिला होता. आत टिकटिक ऐकू येत होती, समोरचा दिवा लुकलुकत होता. मागून स्कूटरवर एक शिवणकाम करणारी बाई डाव्या अंगाने येत होती. ट्रकच्या मागे तिला काहीच लुकलुकताना दिसलं नाही. ती पुढे घुसली, ट्रक वळला, स्कूटर बॉडीला घासली आणि बाई रस्त्यावर उजव्या हातावर पडली. मनगट दोन ठिकाणी मोडलं. पोलिसांनी तिथेच धाकट्याला इंडिकेटर लावायला सांगितला. पुढचा लागला. मागचा लागलाच नाही.

पाच वाजता दोघे भाऊ ट्रक घेऊन परत आले. धाकट्याचा चेहरा पांढरा पडला होता. खाली उतरल्या उतरल्या तो बायकोवर ओरडला, "तू म्हणालीस दिवा नीट केला! आणि तो तुझा नवा फ्लॅशर! जुना असता तर बल्ब गेल्याबरोबर दुप्पट वेगाने वाजला असता, मला गाडीत बसून कळलं असतं. हा आपला एका चालीत टिकटिक, टिकटिक, जसं काही सगळं आलबेल!"

धाकटी म्हणाली, "फ्लॅशरचं बरोबर आहे तुमचं. ते माझ्या लक्षात यायला हवं होतं. चूक माझीच."

सासरे काठीवर दोन्ही हात ठेवून बसले होते. ते तिच्याकडे न बघता म्हणाले, "उद्यापासून वायरींना हात लावू नकोस. सूनबाई आहे, ती बघेल."

जे ऐकायला थोरली वर्षभर तडफडत होती, ते हेच. शब्दसुद्धा याहून वेगळे हवे होते असं नाही. तिने ते ऐकलं, आणि त्यात तिला हवी होती ती गोडी सापडली नाही. धाकटी आत गेली. जाताना तिने मीटरची पेटी कोपऱ्यात, फडक्याखाली ठेवली, कोणाला दिसू नये अशी.

थोरली टॉर्च घेऊन ट्रकखाली सरकली. फरशा अजून वरच होत्या. तिने बरोबर त्या सांध्यावर उजेड टाकला. वजनाने फळी खाली वाकली होती आणि वायर ताणली गेली होती. टेप केव्हाच सुटून लोंबत होता आणि जोडाच्या तारा हिरव्या पडल्या होत्या. तिने नुसतं बोट लावलं, तर दोन्ही टोकं अलग झाली. रिकामी गाडी उभी असताना ती टोकं एकमेकांना कशीबशी टेकत असणार. माल चढला की सुटत असणार.

खिशात पक्कड होती. ती हातात आली कधी, हे तिला कळलंही नाही. पाच मिनिटांचं काम होतं. टोकं तासायची, पिळायची, नवा टेप. कोणाला काय कळणार? धाकटीचा दोष धाकटीकडे, शेड पुन्हा आपली. तिने लाल वायरीचं टोक तासायला घेतलंही.

"ताई?"

ट्रकच्या कडेला धाकटी उकिडवी बसली होती. डोळे सुजलेले. "मी हात लावत नाही. फक्त बघू दे. माझं काय चुकलं ते मला कळायला हवं. नाहीतर मला झोप नाही लागणार."

थोरलीने पक्कड खाली ठेवली. पाठीखाली माती गार होती. मग तिने टॉर्चचा उजेड वर धरला. "ये इकडे. हे चुकलं. आणि हे तुझं नाही, माझं आहे. नऊ वर्षांपूर्वीचा जोड आहे हा."

धाकटी आत सरकली. तिने लाल वायर पाहिली, कुठून येते, कुठे जाते ते मानेनेच मापलं.

"मी विचारलं होतं तुम्हाला."

"हो."

"तुम्हाला आठवत होतं."

"हो."

"मग का नाही सांगितलंत?"

थोरलीने बरीच उत्तरं शोधली. एकही बरं नव्हतं, म्हणून खरं तेच सांगितलं. "तुला जमत नव्हतं ना, ते बघायला मला बरं वाटत होतं."

धाकटीने तिच्याकडे पाहिलं. ते पाहणं थोरली जन्मात विसरली नाही. त्यात राग होता तो होताच, पण त्याहून जास्त नवल होतं, जसं घरातल्या भिंतीत अचानक दार दिसावं. "त्या बाईचा हात मोडलाय, ताई," ती म्हणाली. "आत जाऊन बाबांना सांगा. मी नाही सांगणार. तुम्ही सांगा."

थोरलीने सांगितलं. उभं राहून, सगळ्यांसमोर. जोड, तांब्या घेऊन खांबाला टेकणं, 'जुन्या गाडीत एवढं चालतं', सगळं. धाकटा तोंडाला येईल ते बोलला आणि तिने ऐकून घेतलं. नवऱ्याने मान खाली घातली, ते मात्र तिला धाकट्याच्या शिव्यांहून जास्त लागलं.

सासरे शेवटी बोलले. "का केलंस हे, सूनबाई?"

मग तिचा बांध फुटला. "एकवीस वर्षं, बाबा! एकवीस वर्षांत एकदा तरी माझ्या कामापाशी उठून आलात? एकदा तरी बरं म्हणालात? ती आली आणि तुमची खुर्ची तिच्या मागेमागे फिरायला लागली. ती पोर, आणि मी?"

"अगं, तुझं काम बघायला उठावं लागत नव्हतं," सासरे म्हणाले. "झालं म्हणालीस की झालेलंच असायचं. तिचं बघावं लागतं, नवीन आहे म्हणून."

"हे मला वीस वर्षांपूर्वी सांगायचं होतंत," थोरली म्हणाली. "आता काय उपयोग?"

त्यांनाही ते पटलं असावं, कारण त्यांनी होकारार्थी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी जावा ट्रकमधल्या फरशा उतरवायला उभ्या राहिल्या, मग फळ्या उचकटल्या. लाल वायर मुळापासून काढून टाकली, चॅसिसमधून नवी हिरवी ओढली. दिवसभरात धाकटी "धरा," "सोडा," "ओढा" यापलीकडे बोलली नाही. संध्याकाळी मागे मीटर लावलं, ते तेवीस पूर्णांक आठ आलं. तिने तो आकडा वहीत लिहिला. मग वहीचं कोरं पान काढलं, पेन हातात धरलं आणि थोरलीकडे न बघता म्हणाली, "आता सांगा. बाकीच्या गाड्यांत कुठे कुठे असे जोड आहेत?"

थोरलीला क्षणभर वाटलं, हे तरी माझं माझ्यापाशी राहू दे. मग ती सांगत गेली. टँकर, डाव्या मडगार्डखाली. शाळेची बस, तिसऱ्या बाकाखाली. बर्फवाला. विटांचे दोन ट्रक. अठ्ठावीस जोड निघाले. पुढच्या महिन्याभरात त्या सगळ्या गाड्या बोलावून घेतल्या, आणि प्रत्येक ड्रायव्हरला थोरलीने स्वतः सांगितलं, "हे मी घाईत केलं होतं, आता पक्कं करतेय." टँकरवाला खो खो हसला. "वहिनी, म्हणजे मेलेला दिवा उठून बसायचा तो लंगडतच होय?" तिला हसू आलं नाही, पण तिने ऐकून घेतलं.

शिवणवालीकडे जाणं सगळ्यात अवघड होतं. ती दोन खोल्यांच्या घरात राहायची. बाहेरच्या खोलीत मशीन, कापडांचे गठ्ठे, आणि मधोमध ती, हात गळ्यात बांधलेला. थोरलीने तिलाही सगळं सांगितलं. बाईने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "मला वायरीतलं काही कळत नाही आणि तुमच्या घरातल्या भांडणातलंही नाही. माझ्याकडे चौदा जणींचे कपडे अर्धवट पडलेत. त्यांना मी काय सांगू? अमक्या बाईला जावेचं बघवत नव्हतं, म्हणून तुमचे कपडे उशिरा मिळतील?"

थोरलीचे कान तापले. ती म्हणाली, "मी येते रोज. तुम्ही सांगाल ते करते."

आणि ती जायला लागली. रोज दुपारी तीन तास. शिवणवाली खुर्चीत बसून हुकूम सोडायची आणि थोरली तिचा उजवा हात व्हायची. बटणं, काज, उलट्या टिपा घालणं, हे तिला पटकन जमलं. बारीक कामाची सवय होतीच. कापणं मात्र जमेना. कात्री हातात आली की रेघ सोडून भलतीकडे जायची. "हात चांगला आहे तुमचा," शिवणवाली म्हणायची, "पण सरळ जायचं म्हटलं की याला कापरं भरतं." ती कोणाचीही भीड ठेवत नसे. थोरली पहिला आठवडा घरी जाऊन रडली. दुसऱ्या आठवड्यात रडायचं विसरली. तिसऱ्यात दोघी एकत्र चहा प्यायला लागल्या.

घरी धाकटी अजून कामापुरतंच बोलत होती. सासऱ्यांनी तिला पुन्हा वायरींना हात लावायला सांगितलं होतं, आणि आता ते रोज एकदा खुर्चीतून उठून थोरलीच्या गाडीपाशीही येऊन उभे राहायचे. "चांगलं आहे, सूनबाई," म्हणायचे. काय चांगलं आहे हे बिचाऱ्यांना दिसतही नसे. कधी कधी तर गाडी अजून उघडलेलीच नसायची. थोरली म्हणायची, "हो, बाबा." कुठेतरी बरं वाटायचं, पण तिला हवं होतं तेवढं नाही.

पाचव्या आठवड्यात एका दुपारी शिवणवालीच्या दारात धाकटी उभी राहिली. शेडची किल्ली थोरलीच्या खिशात राहिली होती, ती न्यायला आली होती. शिवणवालीने तिला आपादमस्तक पाहिलं. "हीच का ती?"

"हीच," थोरली म्हणाली.

"बस गं. पाणी घे. कात्री धरता येते का?"

धाकटी बसली. समोर निळ्या कापडावर खडूने आखलेली लांबलचक रेघ होती. थोरली आल्यापासून तिच्याकडे भीत भीत बघत होती. धाकटीने कात्री घेतली, कापड ताणून धरलं, आणि कर्रकन, एका दमात, रेघेवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. एक दोरा इकडचा तिकडे नाही.

"वा!" शिवणवाली म्हणाली. "याला म्हणतात हात! आणि तुम्ही महिनाभर माझी कापडं कुरतडताय."

थोरलीच्या पोटात ती जुनी ओळखीची सळई पुन्हा फिरली. तितकीच तापलेली. तिला वाटलं होतं एवढं सगळं झाल्यावर ती गेली असेल, कुठली जाते! ती तिथे बसून ती कळ सोसत राहिली, आणि मग मोठ्याने म्हणाली, "आत्ता या क्षणी माझ्या पोटात असं दुखतंय ना, काय सांगू."

शिवणवाली चमकली. धाकटीची कात्री हवेत थांबली. तिने थोरलीकडे पाहिलं, आणि ट्रकखालच्या त्या संध्याकाळनंतर पहिल्यांदा तिच्या ओठाचा एक कोपरा हलला.

"दुखू दे," ती म्हणाली. "पण सांगत जा. पुढचं कापड द्या इकडे."

थोरलीने पुढचं कापड दिलं.